पिवळा कागद

मंगळवारी पिवळा कागद.
गुरुवारी पांढरा पुठ्ठा, सुपरमार्केटचा,
त्यावर मासा लहान आणि भाव मोठा.
तारली मात्र तीच,
मातोसिन्योसच्या धक्क्यावर पहाटे उतरलेली,
तेच ऑलिव्हचं तेल, तीच मिरची, तीच एक लवंग,
आणि डोकी उडवणारे हातही तेच:
माझे, देओलिंदाचे,
आणि त्या नव्या पोरीचे,
जिला बोटांचा वास अजून रात्री झोपू देत नाही.

एकवीस वर्षं सांगत आलेय,
दुकानात, रांगेत, जिन्यात, कुणी न विचारता:
पिवळा घेऊ नका.
एक युरो ऐंशी सेंट तुम्ही कागदाला देता.
कागद खाता येत नाही.

फिर्मिनोनं कधी ऐकलं नाही.
तिसऱ्या मजल्यावरचा,
ट्रामच्या आगारातून निवृत्त झालेला,
दिवा मालवून रेडिओ ऐकणारा,
कालचा पाव अर्ध्या भावात मिळावा म्हणून
बेकरी बंद व्हायची वाट पाहणारा.
तो दर शनिवारी पिवळा डबा घेतो.
कागदावर एक बाई आहे, होडीत उभी, हातात छत्री.
समुद्रात छत्री!
"तुझ्या त्या पांढऱ्याला," म्हणतो, "पुठ्ठ्याचा वास येतो."

मग मीही पेटले.
दोन बश्या. दोन तारल्या. वर फडकं.
डोळे मीट म्हटलं.
मिटले त्यानं, टोपी काढून,
चर्चमध्ये काढावी तशी.
पहिला घास. पाण्याचा घोट. दुसरा घास.
पुन्हा पहिला.
"ही," म्हणाला, "ही माझी. ओळखणार नाही होय?"

डबे मी फडक्याखालीच ठेवले होते.
फडकं काढलं नसतं तरी चाललं असतं.
मी काढलं.

तो काही बोलला नाही.
दोन्ही बश्यांतलं तेल पावानं निपटून घेतलं,
बश्या धुतल्या, पालथ्या घातल्या,
आणि वर गेला, एकेक पायरी.

पुढच्या शनिवारी दुकानात दिसला.
हातात पांढरा डबा.
मी जिंकले होते.
एक युरो ऐंशी सेंट त्याच्या खिशात उरले होते
आणि तो असा उभा होता
जसा कुणी आपल्याच घराचा नंबर विसरावा.

मंगळवारी मी चार कागद चोरले.
चोरले असंही नाही, छपाई सरकलेले होते,
छत्री बाईच्या डोक्यातून उगवलेली,
रद्दीतच जायचे.
पांढरा डबा पुठ्ठ्यातून काढला, पिवळ्यात बांधला,
कोपरे दाबले. दिवसाला हजार दाबते,
हात थरथरायचं काही कारण नव्हतं.
शनिवारी तो त्याच्या दाराशी ठेवून आले.

फिर्मिनो खुळा नाही.
झाकणावर सुपरमार्केटचं नाव ठोकलेलं असतं,
कागद सोडला की दिसतंच.
रविवारी दुपारी माझ्या दाराखालून
कागद आत सरकला:
चारी घड्या नखानं सपाट केलेल्या,
तेलाचा एक डाग,
चिठ्ठी नाही.

तेव्हापासून तो कागद जिना चढतो, उतरतो.
शनिवारी वर, रविवारी खाली.
घड्यांवर विरलाय,
बाईच्या गालावरून एक पांढरी रेघ गेलीय.
बाकीचे तीन माझ्या खणात पडून आहेत,
बदलावा असं दोघांनाही वाटत नाही.
भेटलो की आम्ही गुडघ्यांबद्दल बोलतो,
मेट्रोच्या खोदकामाबद्दल बोलतो.

आणि कॉफी?
कॉफी मी लाल डब्यातलीच घेते. दुप्पट भावाची.
आई घ्यायची म्हणून नव्हे,
आई तर चिकोरी उकळून प्यायची.
मला तीच लागते. दुसरी मला लगेच कळते.
कुठल्यातरी शहरात कुणीतरी बाई
तोच दाणा दोन डब्यांत भरत असेल.
असू दे.
फक्त तिनं आमच्या इमारतीत
जागा घेऊ नये.